एका मीटरचे आमदार

आमचे घरमालक आमदार आहेत, असं मी आईला पुण्याला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज एकदम खाली आला. "अगं, मग तुमच्या व्हिसाचं काम झालंच म्हण की!" तिच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या गाड्यांचा ताफा आणि दारातली रांग आली असणार. मी खिडकीतून खाली पाहिलं. आमदारसाहेब अंगणात उकिडवे बसून ट्रॅक्टरच्या चाकातला चिखल खुरप्याने खरवडत होते. दारात रांग वगैरे नव्हती, एक मांजर होतं. "आई, ते कोबी पिकवतात," मी म्हणाले. "आमदार असून?" तिने विचारलं.

त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. मूळचे सांगलीकडचे. चाळीस वर्षांपूर्वी शेतीचं शिक्षण घ्यायला म्हणून सहा महिन्यांसाठी जर्मनीत आले. स्टुटगार्टच्या दक्षिणेला विमानतळाजवळ सपाट रान आहे, तिथल्या एका कोबीवाल्या शेतकऱ्याकडे त्यांना कामाला धाडलं. शेतकऱ्याला एकुलती एक मुलगी होती. पुढचं सांगायला नको. सहा महिन्यांचा पाहुणा त्या घराचा जावई झाला, आणि नुसता जावई नाही, घरजावई. हा शब्द आपल्याकडे कुणी स्वतःबद्दल चारचौघांत उच्चारत नाही. आप्पा तो पदवीसारखा सांगायचे. "निर्यात झालेला घरजावई हाय मी. परत पाठवायची सोय न्हाई."

त्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला तेव्हा आप्पा आमदार होऊन वर्ष झालं होतं. राज्याच्या विधानसभेला इथे लांडटाग म्हणतात. आधी गावच्या पंचायतीत वीस वर्षं काढून, साठी आल्यावर ते तिकडे निवडून गेले. पक्ष कुठला ते मी सांगत नाही; त्यांच्या बोलण्यातही तो क्वचितच यायचा.

आमची पहिली भेट काही प्रेमाची झाली नाही. स्टुटगार्टच्या मुलखात घरातल्या भाडेकरूंनी आळीपाळीने आठवडाभर जिना आणि अंगण झाडायचं असतं. ज्याची पाळी, त्याच्या दाराला एक लाकडी पाटी लटकते. या आठवड्याला म्हणतात केरवोख. नावातच केर असल्यामुळे मला वाटलं, हे आपल्याला जमेल. पहिल्या शनिवारी मी झाडून घेतलं आणि लॅपटॉप उघडून मीटिंगला बसले. दहा मिनिटांनी बेल वाजली. दारात आप्पा, हातात माझाच झाडू.

"आल्झो, पोरी, कोपरा ऱ्हायला." आल्झो म्हणजे जर्मनमधलं 'तर मग'.

"आप्पा, मी मीटिंगमध्ये आहे."

"मीटिंग मलाबी असत्यात. कोपरा आधी, मग मधलं. मधलं तर वारापण झाडतो."

मी गेर्लिंगेनच्या एका मोठ्या कंपनीत सेन्सरचं सॉफ्टवेअर लिहिते, माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत, आणि एक आमदार मला झाडू कसा धरायचा ते शिकवत होता. मला राग आला. पण पुढच्या आठवड्यात त्यांची पाळी होती, आणि लांडटागचं अधिवेशन चालू असूनही शनिवारी सकाळी ते गुडघ्यांवर बसून पायऱ्यांचे कोपरे पुसत होते. पुढच्या पाळीला मी कोपऱ्यांपासून सुरुवात केली.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. उंच, हाडापेराने मजबूत, आणि बोलण्यात कमालीची काटकसरी बाई. लग्नात आप्पांनी तिला सांगितलं होतं की आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, अहो म्हणते. तिने ते जसंच्या तसं घेतलं. जर्मनमध्ये दोघांचं अरे-तुरे, पण लांबून हाक मारायची झाली की "अहो!" ती इतकी वर्षं शेतातून घुमत आली की पोस्टमनपासून पाद्रीबाईपर्यंत अख्खं गाव त्यांना अहो म्हणू लागलं. हे ऐकून माझी आई इतकी खूश झाली की व्हिसाचं विसरलीच.

सकाळची ट्राम आम्ही बरेचदा एकत्र पकडायचो. मी शेवटच्या स्टेशनापर्यंत, ते मध्ये स्टुटगार्टला उतरायचे. अंगात कोट, पायात गावात वापरायचे जाड बूट, मांडीवर डबा. डब्यात राईच्या पिठाची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. राईची भाकरी थापणं सोपं काम नाही, ते पीठ हाताला चिकटतं. पण ते स्वतः थापायचे. लांडटागच्या कॅन्टीनमध्ये डबा उघडला की शेजारची टेबलं रिकामी व्हायची, असं ते अभिमानाने सांगत. "विरोधी पक्ष पळतो. बोलायचीबी गरज पडत न्हाई."

भाषण त्यांचं कधी चार मिनिटांच्या वर गेलं नाही, पण त्या चार मिनिटांत कुठल्याही विषयावरून ते बांधावर येत. शाळेच्या इमारतींवर चर्चा असो, रेल्वेवर असो, नाहीतर दवाखान्यांवर. तिसऱ्या मिनिटाला बांध आलाच. इथे शेतातून जाणाऱ्या रस्त्याच्या, म्हणजे आपल्या पाणंदीच्या, दोन्ही अंगांना गवताची पट्टी असते. ती गावाच्या मालकीची. नांगरताना शेतकरी दरवर्षी बोटभर आत सरकतो. बोटभराने काय होतंय, असं म्हणत तीस-चाळीस वर्षांत पट्टीच नाहीशी होते. फुलं जातात, मधमाश्या जातात, तितर जातात. आप्पांची मागणी एकच होती: प्रत्येक गावाने आपल्या पट्ट्या मोजून घ्याव्यात आणि परत ताब्यात घ्याव्यात. बाकीचे आमदार हसायचे. मीटरभर गवतासाठी भांडतात म्हणून त्यांना "एका मीटरचे आमदार" असं नाव पडलं. आप्पांनी तेच पोस्टरवर छापलं, शेजारी घडीची मीटरपट्टी हातात धरलेला स्वतःचा फोटो.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदा ट्राममध्येच सांगितलं. त्यांचे वडील आणि चुलते यांच्यात दोन हात बांधावरून वैर आलं. कुणी कोरला, कधी कोरला, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. सोळा वर्षं कोर्टात गेली. "चुलता वारला तेव्हा बाप घरात बसून ऱ्हायला. वीस पावलांवर भावाचं मयत, आणि बाप जोंधळं निवडत बसला. बांध बोलत न्हाई पोरी. म्हणून आपण बोलायचं." एवढं सांगून ते स्टेशन आलं म्हणून उतरले. मी गेर्लिंगेनपर्यंत त्या जोंधळ्यांचाच विचार करत होते.

रविवारी चर्च सुटण्याच्या सुमाराला ते मीटरपट्टी खिशात घालून फिरायला निघायचे. कुणाच्या शेताकडेला थांबायचे, सीमेचा दगड शोधायचे, पट्टी उलगडायचे. पलीकडच्या शेतात भोपळे लावणारा एक दांडगा शेतकरी होता, त्याच्या दाराची बेल आप्पांनी किमान चार वेळा वाजवली असेल. "तुझी पाणंद आजारी आहे," ते त्याला सांगायचे. तो शिव्या द्यायचा, मग बियर द्यायचा. दोघं भिंतीला टेकून उभ्याउभ्या ती प्यायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

दुसरी निवडणूक मार्चात होती. फेब्रुवारीत आप्पा वर आले. गावच्या सभेसाठी त्यांना एक मोठा नकाशा हवा होता. विमानातून काढलेला शेतांचा ताजा फोटो, आणि त्यावर सरकारी मोजणीच्या रेषा. दोन्ही गोष्टी राज्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, एकावर एक बसवायच्या फक्त. "कुणाचं नाव न्हाई घालायचं. गावाला नुसतं दिसू दे," ते म्हणाले.

मी पुण्याची. काम दिलं की अर्धवट करणं आमच्या रक्तात नाही. त्यांनी सांगितलेल्या चार शेतांवर न थांबता मी गावाच्या पूर्वेची सगळी बाजू केली. सहा ठिकाणी पट्टी खाल्लेली दिसली. सगळ्यात मोठा घास गोठ्यामागच्या लांब शेताने घेतला होता. तिथे पूर्ण दोन मीटर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते शेत आप्पांचं होतं.

मी आधी माझीच चूक शोधली. रेषा पुन्हा बसवल्या. मग जुने फोटो उघडले, तेही संकेतस्थळावर आहेत, काळेपांढरे. आप्पा जर्मनीत यायच्या आधीच्या फोटोतही ती पट्टी नव्हती. त्याच्याही आधीच्या फोटोत होती. खाली जाऊन सांगावं की नाही, यात मी दोन दिवस काढले. न सांगता तो नकाशा छापला असता तर भर सभेत गावाने पाहिलं असतं. आणि ते शेतच गाळून छापला असता, तर मग मी झाडू घेऊन फक्त मधलंच झाडलं, असं झालं असतं.

शनिवारी सकाळी सांगितलं. आप्पांनी नकाशा पाहिला, फावडं घेतलं आणि मला म्हणाले, "चल." नकाशातल्या खुणेवर, कोबीच्या रिकाम्या सरीत, त्यांनी खणायला सुरुवात केली. त्या रानाची माती इतकी खोल आणि मऊ आहे की फावडं लोण्यात गेल्यासारखं जातं. दीड वीत खाली ते दगडावर वाजलं. सीमेचा दगड होता तो, वरून नांगराने घासलेला. पाणंद तिथून दोन मीटर लांब होती.

आप्पा मातीत खाली बसले. "येवढी वर्षं मी याच्यावरनं ट्रॅक्टर नेला," ते म्हणाले.

मला राहवेना. "आप्पा, तुम्ही अख्ख्या गावाची शेतं मोजता. हे एकदाही मोजलं नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी असभ्य विचारलं. "सासऱ्याचं रान हाय हे. पहिल्या दिवशी त्यांनी मला ट्रॅक्टरवर बसवलं आणि सांगितलं, त्या टोकाच्या झाडावर नजर ठेव आणि सरळ चाल. मी सरळ चाललो. घरजावयानं सासऱ्याचं रान मोजायचं नसतं गं. मोजलं म्हंजे विश्वास न्हाई."

मी त्यांना जुन्या फोटोंचं सांगितलं. हे तुम्ही केलेलं नाही, याचा पुरावा आहे, मी दाखवू शकते. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. ते ताडकन उठले.

"त्यो फोटो कुणाला दावायचा न्हाई."

"अहो पण आप्पा—"

"त्या माणसाला सगळं गाव सांगत हुतं, काळ्या पोराला पोरगी देऊ नको. त्यानं पोरगी दिली, वर रान दिलं. चर्चच्या भिंतीवर त्याचं नाव हाय, अग्निशमनवाल्यांच्या खोलीत त्याचा फोटो हाय. त्याला मरून पंधरा वर्षं झाली. आता मी जाऊन सांगू, माझा सासरा चोर हुता? मी कोरलं म्हणून सांगणार. नांगर माझाच हुता की."

प्रचाराचं काम पाहणारे एक निवृत्त शिक्षक होते. आप्पांचा फोन गेल्यावर ते त्याच दुपारी धावत आले. सभा पुढे ढकला, नकाशा गाळा, फक्त तीन आठवडे थांबा, मग हवं ते सांगा, असं त्यांनी तऱ्हतऱ्हेने सांगून पाहिलं. मुद्दा बरोबर होता. पाच वर्षं एकाच गोष्टीवर बोललेला माणूस त्याच गोष्टीत सापडला, तर जागा गेलीच. आप्पा ऐकून घेत होते आणि कोबीची बाहेरची पानं काढत होते. शेवटी म्हणाले, "दुसऱ्याची पाणंद दाखवायची आणि आपली झाकायची, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." शिक्षकांना मराठी येत नव्हतं. आप्पांनी ते जर्मनमध्ये सांगायचीही तसदी घेतली नाही. शिक्षकांना समजलं. काकू ओट्यापाशी पाव कापत होत्या. सगळं ऐकत होत्या, आणि पाव कापत राहिल्या.

सभा रविवारी सकाळी, चर्च सुटल्यावर, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. अशा सभेला इथे लोक बियर आणि सॉसेज घेऊन बसतात. माझा नकाशा समोर टांगला. पाच शेतं पिवळी, एक लाल. आप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "लाल शेत माझं आहे. दोन मीटर. सगळ्यात जास्त. मी नांगरलं. उद्यापासून परत करतो."

हॉलमध्ये कुणी ग्लासही उचलला नाही. मग मागून भोपळेवाल्याचा आवाज आला. "पाच वर्षं तू आमच्या दाराची बेल वाजवलीस!" काही लोक हसले. ते हसू चांगलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, बाहेरून आलेल्याला रान मिळालं की असंच व्हायचं. आप्पा खाली मान घालून उभे होते. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. माझ्या बॅगेत लॅपटॉप होता, त्यात तो काळापांढरा फोटो होता, आणि तो कुणाला दाखवणार नाही, असा शब्द शेवटी मी त्यांना दिला होता.

काकू दरवाज्यापाशी पावाच्या टोपलीजवळ उभ्या होत्या. आप्पांच्या पंचवीस वर्षांच्या राजकारणात त्या कुठल्याही सभेत एक वाक्य बोलल्या नव्हत्या. त्यांनी टोपली खाली ठेवली.

"त्याने नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांनी. मी आठ वर्षांची होते. ट्रॅक्टरवर त्यांच्या शेजारी बसले होते. ते म्हणाले, गावाला एवढं गवत कशाला लागतं. दगड दिसत होता तेव्हा. आम्ही त्याच्यावरून गेलो."

बोलताना त्यांचे हात एप्रनमध्ये होते. पुढच्या बाकावर चार-पाच म्हातारे बसले होते. ते आपापल्या ग्लासात पाहू लागले. त्यांचे बापही काही वेगळं करत नसणार, हे मला तेव्हा कळलं. भोपळेवाला खाली बसला.

निकालाचं आत्ताच सांगून टाकते. आप्पा पडले. फार मतांनी नाही, पण पडले. वर्तमानपत्राने मथळा दिला तो एका मीटरच्या आमदाराचे दोन मीटर असा काहीतरी. निकालानंतरच्या आठवड्यात भोपळेवाला आला आणि म्हणाला, मी तुला मत दिलेलं नाही, पण शनिवारी मीटरपट्टी घेऊन ये. त्या वर्षी गोठ्यामागच्या शेतात कोबीच्या तीन ओळी कमी लागल्या. आप्पा आता सकाळच्या ट्रामला नसतात. मला चुकल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोलू.

पण मला आठवते ती त्या रविवारची घरी येतानाची वाट. हॉलपासून घर दहा मिनिटांवर. काकू पुढे, आप्पा त्यांच्या दोन पावलं मागे, आणि नकाशाची गुंडाळी काखेत धरून मी. ऊन होतं, डोक्यावरून विमान उतरत होतं. ते जाईपर्यंत कुणाला बोलता येत नव्हतं.

"तुला माहीत होतं," आप्पा जर्मनमध्ये म्हणाले.

"होतं."

"पाच वर्षं मी तिथे घसा फोडत होतो, आणि तुला माहीत होतं."

"माझे वडील होते ते."

आप्पा काही पावलं चालले. त्यांचा आवाज चढला नाही. "मग आजच का बोललीस? मी घेतलं होतं ना माझ्या अंगावर. त्यांचं नाव राहिलं असतं."

काकू थांबल्या. मागे वळून त्यांनी आप्पांच्या कोटाची कॉलर नीट केली, शाळेत जाणाऱ्या मुलाची करावी तशी.

"वडिलांना आता कुणाला तोंड दाखवायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुला उद्या सकाळी बेकरीत जायचंय."